अंबरच्या हातात नारळ देण्याआधी

ताई,

मी मिरजेचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठ महिने झाले, फोनवर गेन्शिन इम्पॅक्ट खेळतोय. एक रुपया घातलेला नाही. गेमने सुरुवातीला दिलेली टीमच अजून चालू आहे: ट्रॅव्हलर ५०, केया ४०, लिसा ४० आणि अंबर ७०. हो, ७०. मला धनुष्य आवडतं, अंबर आवडते, म्हणून लेव्हल वाढवणारी मिळतील ती पुस्तकं तिलाच घातली. अ‍ॅडव्हेंचर रँक (खेळाडूची स्वतःची पातळी) ३८ आहे आणि आता हिलिचर्ल नावाचे साधे शत्रूसुद्धा लवकर मरत नाहीत. गेल्या आठवड्यात साध्या बॅनरवर दहा पुल केले (कॅरेक्टरची सोडतच ती) आणि पाच-स्टार, म्हणजे सगळ्यांत दुर्मिळ, डिलुक आला! पण माझ्याकडे नऊ पुस्तकं उरलीत आणि तो लेव्हल १ वर उभा आहे. ग्रुपवरची पोरं म्हणतात, अंबर कचरा आहे, डिलीट कर, आठ महिने फुकट घालवलेस. नवीन अकाउंट काढू का? की थोडे पैसे घालू? बार्बरा मिळालीय, तिला हात लावलेला नाही. स्पायरल अबिस या मजल्या-मजल्यांच्या लढाईत गेलेलो नाही, तिथे पाच-स्टारवाल्यांचंच काम असतं म्हणे. खरं सांगायचं तर अंबरला काढायचं जिवावर येतंय.

— अंबरवाला, मिरज

अंबरवाल्या,

ग्रुपवरच्या पोरांना आधी विचार, डिलीटचं बटण कुठे आहे. गेन्शिनमध्ये कॅरेक्टर डिलीट करता येत नाही, विकता येत नाही, मोडीतही घालता येत नाही. एकदा आलं की ते कायमचं तुझ्या यादीत. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

नव्या अकाउंटचं खूळ आजच डोक्यातून काढ. एका पुलला पाच-स्टार येण्याची शक्यता असते ०.६ टक्के. तो पाच-स्टार तुझ्या दारात येऊन बसलाय आणि तू घर बदलायला निघालास. बरं, नव्या अकाउंटवर भेटणार कोण? पुन्हा अंबर, केया आणि लिसाच.

पैशांचंही तसंच. पैसे टाकून पुल मिळतात, म्हणजे आणखी कॅरेक्टर मिळतात. तुझ्याकडे कॅरेक्टर पडून आहेत, तुटवडा पुस्तकांचा आहे. डब्यात पीठ नाही आणि तू दुसरा तवा आणायला चाललास.

आता आठ महिन्यांचा हिशेब. लेव्हल १ वरून ७० ला जायला एकूण ३३,२७,६५० अनुभव लागतो. हिरोज विट नावाचं जांभळं पुस्तक २०,००० चं, म्हणजे अंबरच्या पोटात सुमारे १६७ पुस्तकं गेली. ती परत यायची नाहीत. शस्त्र एकाचं काढून दुसऱ्याला देता येतं, आर्टिफॅक्ट (अंगावर चढवायच्या, ताकद वाढवणाऱ्या वस्तू) देता येतात, जुन्या आर्टिफॅक्टवर खर्चलेल्या अनुभवातला ८० टक्के नव्या आर्टिफॅक्टमध्ये वळवतासुद्धा येतो. कॅरेक्टरच्या लेव्हलवर घातलेलं मात्र तिथेच राहतं. तुझी चूक झाली असेल तर एवढीच, की सगळं तू अशा खिशात टाकलंस ज्याला बाहेर काढायचं तोंड नाही.

पण आठ महिने फुकट गेले म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नाही. कॅरेक्टरचं पहिलं, तिसरं आणि पाचवं असेन्शन (लेव्हलची पुढची मर्यादा उघडणं) केलं की प्रत्येक वेळी साध्या बॅनरचा एक पुल मिळतो. अंबरची चार असेन्शन झाली, तिचे दोन पुल. केया आणि लिसाचा एकेक धर. म्हणजे ज्या दहा पुलांत डिलुक आला त्यातले चार याच 'कचऱ्याने' आणलेले असू शकतात. (बक्षीस घेतलंयस ना, ते कॅरेक्टरच्या पानावर तपास. पुष्कळ जण विसरतात.) बार्बरालाही म्हणूनच २० वर नेऊन असेन्शन करायचं. सहा-सात पुस्तकांचं काम आहे आणि पदरात एक पुल पडतो.

मी हे शहाणपण फार लवकर शिकले असं समजू नकोस. माझ्या जुन्या अकाउंटवर लिसा ९० ला आहे. ऑफिसातल्या एका पोराने लिसाला 'लायब्ररीतल्या बाई' म्हणून हसलं, म्हणून मी इरेला पेटले. ८० ते ९० या दहा पायऱ्यांना ३४,२३,१२५ अनुभव लागतो. म्हणजे १७१ हिरोज विट, आणि वर पावणेसात लाखांहून जास्त मोरा, म्हणजे गेममधले पैसे. १ ते ७० चढायला जेवढं लागतं त्याहून जास्त या दहा पायऱ्या खातात. मी तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. लिसा ९० ला पोचली आणि त्या रविवारी मी ज्या बॉसपाशी हरत होते त्याच बॉसपाशी पुन्हा हरले, फक्त दहा सेकंद उशिरा.

तेव्हा अंबर लंगडी का पडते, हे नीट समजून घे. ती वाईट आहे म्हणून सोडून देऊ नकोस. कारण कळलं की तिला कुठे ठेवायचं तेही कळतं.

गेन्शिनमध्ये टीम चौघांची असली तरी मैदानात एका वेळी एकच जण उभा असतो. बाकीचे तिघं बाहेर. म्हणून कुठलंही कॅरेक्टर जोखताना मी एकच गोष्ट विचारते: हा मैदानातून गेल्यावर मागे काय ठेवून जातो? केया जातो, पण त्याचे तीन बर्फाचे सुळे ८ सेकंद तुझ्याभोवती फिरत राहतात, मग समोर कुणीही खेळत असो. बार्बरा जाते, तिचं पाण्याचं कडं मागे राहतं आणि जखमा भरत राहतं. अंबरचं मुख्य हत्यार म्हणजे पूर्ण ताणून मारलेला जळता बाण. त्यासाठी तिला मैदानात उभं राहावं लागतं, तुला फोनवर अंगठ्याने नेम धरावा लागतो, आणि तेवढ्यात हिलिचर्ल पाठीत सोटा घालून मोकळा होतो. तिचा बाणांचा पाऊस दोन सेकंदांत संपतो, तोही एका जागी. म्हणजे ती वेळ सगळ्यांत जास्त घेते आणि त्या वेळात मारते कमी. तू तिला ९० ला नेलंस तरी हे गणित बदलणार नाही. म्हणून यापुढे तिला एकही पुस्तक नाही. हे मात्र कडक.

पण तिची एक गोष्ट मागे राहते. ससा. बॅरन बनी. तो बाहुला फेकलास की शत्रू तुला सोडून त्याच्याकडे धावतात, त्याला धोपटत बसतात आणि शेवटी तो फुटतो. सशाचा जीव अंबरच्या एकूण जिवावर ठरतो, आणि तुझी अंबर ७० ची आहे, तेव्हा ससाही बऱ्यापैकी दणकट निघतो. आता डोळ्यांसमोर आण: पाच-सहा हिलिचर्ल एका सशाभोवती गोळा झालेत आणि त्यांच्या मागून डिलुक दोन्ही हातांची तलवार घेऊन येतोय. विखुरलेल्या शत्रूंमागे पळत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

त्यामुळे माझं म्हणणं तुला उलटं वाटेल. चौघांतून आधी लिसा आणि ट्रॅव्हलर बाहेर येतील. अंबर सगळ्यांत शेवटी. तिचं मारायचं काम डिलुककडे जाईल आणि ती सशाच्या कामावर राहील. टीममध्ये दोन आगवाले असले की चौघांचाही हल्ला २५ टक्क्यांनी वाढतो, आणि डिलुकशिवाय तुझ्याकडे दुसरी आगवाली अंबरच. शिवाय तिच्यावरचा खर्च होऊन गेलाय. ती आता फुकटात काम करतेय.

तात्पुरती टीम अशी लाव: डिलुक, केया, बार्बरा, अंबर.

केया राहतोच. ग्रुपवरची पोरं त्यालाही हसत असतील, हसू देत. सुरुवातीला फुकट मिळणाऱ्यांत तो मला सगळ्यांत कामाचा वाटतो. त्याचा बर्फाचा फटका दर ६ सेकंदांनी तयार असतो आणि डिलुकशी त्याचं छान जमतं. बर्फ लागलेल्या शत्रूवर आग पडली की मेल्ट होतं, त्या फटक्याचं नुकसान दुप्पट. आधी केयाचे सुळे फिरवायचे, लगेच डिलुकला आणायचं आणि त्याचे तीन वार एकामागोमाग मारायचे. घाईत तिन्ही एकदम मारू नकोस, मध्ये तलवारीचे एक-दोन साधे फटके घाल म्हणजे सुळ्यांना बर्फ लावायला वेळ मिळतो. गंमत म्हणजे कथेत हे दोघे भाऊ आहेत. केयाला डिलुकच्या वडिलांनी वाढवलं, पुढे दोघांचं बिनसलं आणि आता दारूच्या गुत्त्यावर समोरासमोर आले तरी टोमण्यांशिवाय बोलत नाहीत. भावकीत बोलणं बंद, पण बांधावर कुणी परका आला की दोघे एकत्र, असली ही जोडी आहे.

बार्बराला हातही लावला नाहीस याचं मला आश्चर्य वाटलं. आठ महिने जखमा कशाने भरत होतास, सफरचंदं खाऊन? तिला घे. पुल करताना तीन-स्टारचं 'थ्रिलिंग टेल्स ऑफ ड्रॅगन स्लेयर्स' नावाचं पुस्तक आलं असेल, बहुतेक एकाहून जास्त. आपण अशा निळ्या शस्त्रांकडे बघतही नाही. ते बार्बराच्या हातात दे. तिच्यावरून दुसऱ्या कॅरेक्टरवर उडी मारलीस की येणाऱ्याचा हल्ला १० सेकंद वाढतो, साध्या प्रतीचा २४ टक्के आणि पाच प्रती एकत्र केल्यास ४८. म्हणजे बार्बराने कडं सोडायचं, केयाने सुळे सोडायचे आणि मग डिलुक? चुकलं. पुस्तकाचा जोर पुढच्याच माणसाला मिळतो, तो केयावर वाया जाईल. आधी अंबरचा ससा, मग केया, मग बार्बरा, आणि बार्बरावरून थेट डिलुक. हा क्रम दोन दिवस कागदावर लिहून फोनखाली ठेव. नंतर अंगठा आपोआप शिकतो. बार्बराची लेव्हल ४० असली तरी सध्या पुरे.

लिसाला काढायचं कारण तिचा कमकुवतपणा नाही. तिची वीज आणि डिलुकची आग भेटली की ओव्हरलोड होतो, स्फोट होऊन लहान शत्रू लांब उडतात आणि डिलुकला तलवार घेऊन त्यांच्यामागे धावावं लागतं. आपण सशाने गोळा करायचे आणि हिने उधळून लावायचे, काय उपयोग? तिला बाजूला बसव. तिचं काम पुढे आहे.

ट्रॅव्हलरबद्दल फार लिहीत नाही. त्याची लेव्हल आणि शस्त्र कायम राहून तत्त्व बदलता येतं, नव्या प्रदेशात गेलास की तिथल्या पुतळ्यापाशी. त्याचे टॅलेंट (हल्ल्यांची कौशल्यं) मात्र प्रत्येक तत्त्वाचे वेगळे, म्हणून वाऱ्याच्या ट्रॅव्हलरवर टॅलेंटची पुस्तकं उधळू नकोस. सुमेरू प्रदेशात पोचशील तेव्हा वनस्पतीचं तत्त्व घेऊन तो तुला पुन्हा हवासा वाटेल.

आता तुझ्या पत्रातली सगळ्यांत मोठी चूक, आणि ती अंबरची नाही. स्पायरल अबिस पाच-स्टारवाल्यांचं आहे हे तुला कुणी सांगितलं? नववा ते बारावा हे वरचे मजले अवघड असतात आणि ठरावीक काळाने बदलतात. पहिले आठ एकदाच करायचे असतात, कुठे पळून जात नाहीत आणि त्यांना रेझिन (बक्षीस घेताना खर्चावी लागणारी, वेळेनुसार भरणारी ऊर्जा) लागत नाही. रँक २० ला ते उघडतं, तू ३८ ला आहेस. अठरा रँक तू त्या दारावरून येतोजातोयस!

तिसऱ्या मजल्याची तिसरी खोली पार केलीस की शियांगलिंग फुकट मिळते. आगवाली, भाला चालवणारी, चार-स्टारच. तिचं आगीचं चक्र ती बाहेर गेली तरी तुझ्याभोवती १० सेकंद फिरत राहतं. शियांगलिंग, बेनेट आणि शिंगच्यू या तिघांच्या जिवावर उभी असलेली चार-स्टारांची टीम खेळाडूंमध्ये 'नॅशनल' नावाने प्रसिद्ध आहे, आणि महागड्या टीमच्या तोंडाला ती अजून फेस आणते. तुझ्या अंबरला जे जमत नाही ते शियांगलिंग करते: आग मागे ठेवून जाते. तीच अंबरची खरी बदली. आणि तिला आणणार कोण? तळाच्या त्या मजल्यांवरचे शत्रू ७० च्या अंबरहून बरेच खालच्या लेव्हलचे असतात. अंबर स्वतः जाऊन स्वतःची बदली घेऊन येणार आहे.

म्हणून आज रात्री डिलुकला हात लावू नकोस. अंबरच्या अंगावरचे आर्टिफॅक्टही काढू नकोस. अंबर, केया, बार्बरा, ट्रॅव्हलर असे चौघे घे, अबिसमध्ये जा आणि तिसरा मजला संपव. पुढचा मजला आधीच्या मजल्यावर मिळालेल्या स्टारवर उघडतो आणि स्टार बहुतेक ठिकाणी खोली किती वेळात पार केली त्यावर मिळतात, तेव्हा उगाच लपत-छपत खेळू नकोस. एखाद्या खोलीत कमी पडलास तर पुन्हा कर, त्याचे पैसे लागत नाहीत.

ते झालं की डिलुक. अंबरचे आर्टिफॅक्ट काढून त्याला चढव. त्यात आगीचं नुकसान वाढवणारा प्याला असेल तर दुधात साखर, कारण तो डिलुकलाही तसाच लागू पडतो. धनुष्य मात्र त्याच्या कामाचं नाही. मॉन्डस्टॅटच्या लोहाराकडे प्रोटोटाइप आर्केइक ही तलवार घडवून घे, मोठ्या तलवारीचं बिलेट (तिचा कच्चा माल) तुझ्याकडे आलेलं असेल. आणखी चांगले आर्टिफॅक्ट मिळवायला डोमेनमध्ये (बक्षिसासाठी लढायच्या जागांत) रेझिन जाळू नकोस. रँक ४५ नंतर पाच-स्टार आर्टिफॅक्ट हमखास मिळू लागतो, त्याआधीची सगळी मेहनत नंतर खत म्हणूनच वापरली जाते.

डिलुकला एकदम ७० ला न्यायचं स्वप्न बघू नकोस. आधी ५० बघ. १ ते ५० ला १२,७७,६०० अनुभव लागतो, म्हणजे ६४ पुस्तकं. नऊ आहेत, ५५ हवीत; बार्बराला दिलीस ती वर धर. पुढे ५० ते ६० ला ४३ आणि ६० ते ७० ला आणखी ६०. पायऱ्या कशा महागत जातात ते बघ. ५० पर्यंत असेन्शन धरून मोरा लागेल साधारण ३ लाख १५ हजार. रेझिन दर ८ मिनिटांनी एक भरतं, दिवसाचं १८०, आणि पुस्तकांच्या ले लाइनला (लढून बक्षीस घ्यायची जागा) एका वेळी २० जातं. दिवसाला नऊ ले लाइन झाल्या, त्यातल्या दोनेक मोराच्या कर. परीक्षा असेल तर नको करूस. रेझिन २०० पर्यंत साठतं, सव्वीस तासांनी बघितलंस तरी सांडत नाही.

असेन्शनच्या सामानात मात्र तुझं थोडं हसू येईल. डिलुकला लागतं स्मॉल लॅम्प ग्रास आणि एव्हरफ्लेम सीड. ओळखीचं वाटलं? हेच तू अंबरलाही घातलंस. दोघांचं सामान बरंचसं एकच. म्हणजे त्या गवताच्या जागा तुला पाठ असणार. ५० ची मर्यादा उघडायला १३ गवत आणि २ बिया पुरतात, ७० पर्यंत न्यायचं तर ६३ आणि १४. गवत रात्री उजळतं, म्हणून गेममधलं घड्याळ रात्रीवर लावून व्हिस्परिंग वुड्समध्ये शिर. तोडलेलं दोनेक दिवसांनी पुन्हा उगवतं.

डिलुक ५० ला, शियांगलिंग ४० च्या पुढे, केया ५०. इतकं झालं की अंबर चौकडीतून बाहेर येईल. पण यादीत तिच्यावर बोट ठेवायला विसरू नकोस. रुइन गार्ड नावाचा तो लोखंडी राक्षस माहीत आहे ना, गरगर फिरत येणारा? हल्ला करताना त्याचा डोळा लकाकतो. तिथे पूर्ण ताणलेले दोन बाण बसले की तो गुडघ्यावर येऊन गप्प पडतो आणि मग डिलुकने निवांत कुटायचं. हे धनुष्यवालीचंच काम. लांबच्या मशाली पेटवणं, काटेरी वेली जाळणं, हवेतले फुगे फोडणं, सगळं तिचंच. मागच्या दिवाळीत माझी भाची शेजारी बसून तिच्या नव्या अकाउंटवर खेळत होती. आम्ही दोघी एकाच कोड्यापाशी अडकलो: चार मशाली, ठरावीक वेळात पेटवायच्या, त्यातल्या दोन दरीपलीकडे. माझ्या टीममध्ये तीन पाच-स्टार होते आणि धनुष्य एकाकडेही नव्हतं. मी कड्यावरून उड्या मारत होते, घसरत होते, वेळ संपत होता. भाचीची अंबर एका दगडावर उभी राहिली, चार बाण मारले आणि दार उघडलं. 'मावशी, तुझी अंबर कुठंय?' माझी अंबर लेव्हल १ वर, कपाटात. मी काय सांगणार.

केयाचंही एक असंच: पाण्यावर फटका मारत गेलास की बर्फाच्या लाद्या तयार होतात आणि त्यांवरून चालत बेटं गाठता येतात. कंटाळवाणं आहे पण होतं.

पुढच्या पुलांचं थोडक्यात सांगते. बॅनरवर कोण चमकतंय यापेक्षा आपल्या चौघांत कुठलं काम रिकामं आहे ते बघ. डिलुकच्या टीमला पाणी चांगलं लावणारा हवा, म्हणून शिंगच्यू आला तर त्याला लगेच घे. पुलांमधून साठणाऱ्या स्टारग्लिटरचं दुकान दर महिन्याला दोन चार-स्टार ठेवतं, ३४ ला एक, आणि ही जुनी नावं आलटून पालटून येत राहतात. तिथे अंबर दिसली तर मोह आवर. तिची दुसरी प्रत तुला नको.

आणि लिसा. तिसऱ्या मजल्यावर थांबू नकोस. चौथ्याच्या तिसऱ्या खोलीत कोलेई मिळते, वनस्पती तत्त्वाची, धनुष्यवाली. पाचव्या मजल्यापासून एक टीम पुरत नाही, दोन लागतात, आणि तिथे तुझी बाजूला बसवलेली माणसं पुन्हा कामाला येतात. कोलेईची वनस्पती, पाणी आणि लिसाची वीज एकत्र आली की हायपरब्लूम होतं. त्या स्फोटाचं नुकसान वीज लावणाऱ्याच्या लेव्हलवर आणि एलिमेंटल मास्टरीवर (तत्त्वं एकमेकांशी भिडवण्याच्या ताकदीवर) ठरतं, तिच्या हल्ल्याचा आकडा तिथे बघितलाच जात नाही. महागडं शस्त्र नसलेली लिसा एकाएकी मारायला लागते. माझ्या ९० च्या लिसाचं पांग दोन वर्षांनी असं फिटलं, सुमेरू आल्यावर. तोवर ऑफिसातला तो पोरगा नोकरी सोडून गेला होता.

अंबरला काढायचं जिवावर येतं, असं तू शेवटी लिहिलंस. गरज सरो वैद्य मरो असं होऊ नये म्हणून एक कर. तिचं धनुष्य मोडीत घालून दुसऱ्या शस्त्राला चारू नकोस, कोलेईला दे. कथेत ती अंबरची जुनी मैत्रीण आहे. तिची अल्टिमेट मारून बघ: मांजरासारखं एक बाहुलं मैदानात उड्या मारत राहतं, कोलेई निघून गेली तरी. त्याचं नाव क्युलिन-अनबार. यातलं अनबार म्हणजे अंबरच.

अबिसमध्ये कुठल्या खोलीत अडकलास ते कळव.

— ताई